आत्याची जीप आणि कापसातली डिस्क

आमच्या ब्राह्मणपुरीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गडीमाणसं चिंचेखाली पत्ते कुटतात, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात आणि आमची आत्या जीप पळवते. खरी नव्हे, टीव्हीवरची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तळोद्याला दिलेली. वय साठीच्या पुढे. तिच्या दारासमोर डोंगरातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या जीपा भरतात. जन्मभर ती त्या बघत आली, पण कुठल्या बाईच्या हातात स्टिअरिंग दिसलं नाही, तर हिच्या हातात कोण देणार? मग एका आखाजीला मी विकत आणलेल्या गेमच्या डब्यासमोर ती सहज टेकली, कंट्रोलर हातात घेतला, आणि झालं! झोका गेला, गाणी गेली, बाई जागची हलेना.

आखाजीला लेकीला काम सांगायचं नाही ही आमच्याकडची रीत. आत्याने तिचा पुरेपूर फायदा घेतला. वर्षातून तिला एकच दिवस मिळतो, कारण घरी म्हशी आहेत आणि चारच्या ठोक्याला मुलगा न्यायला हजर. त्या एकेका दिवसात, वर्षामागून वर्षं, तिने सगळ्या शर्यती मारल्या. लाल जीप कमावली. राहिली फक्त शेवटची, घाटातली. गेल्या आखाजीला ती शर्यत लावली, तर डिस्क खरखर फिरत राहिली, पडद्यावरची रेघ पुढे सरकेचना. बाहेर हॉर्न वाजला. आत्या चपला घालून निघाली. त्यानंतर वर्षभर फोनवर ख्यालीखुशाली आधी नाही, माझी जीप कशी आहे हे आधी. हसाल तुम्ही, पण तिला ती शर्यत जिंकायचीच होती. पोरं शिकवली, लग्नं लावली, आता हे एक करायचं राहिलं म्हणायची.

यंदा आखाजीच्या सकाळी मी कपाट उघडलं तर डिस्कची डबी रिकामी. आई म्हणाली, मी जपून ठेवली आहे. कुठे? कापसात.

आता आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेला असतो, आणि जपायची वस्तू कापसात घालायची हे आमच्या घरातलं शास्त्रच आहे. जोडवी कापसात, चष्मा कापसात, कंदिलाची काचही कापसात. मागच्या वर्षी नणंद हिरमुसून गेली हे आईच्या मनाला लागलं होतं. म्हणून तिने ती डिस्क डबीतून काढून, फडक्यात कापूस घेऊन, त्यात गुंडाळून ढिगात खोल ठेवली. पण तो काही सोनाराकडचा गुलाबी कापूस नाही. त्यात सरकी, बोंडाची टरफलं, वाळलेला पाला. वर माणसं चढून ढीग तुडवत होती ते वेगळंच. डिस्क बाहेर निघाली ती मांजराने ओरबाडल्यासारखी. डब्यात घातली तर त्याने दोनदा आचके दिले आणि बाहेर टाकली.

माझं डोकं लवकर फिरतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण आईचा चेहरा बघितला आणि मी डिस्क शर्टाला पुसायला लागलो. ‘जपीनच ठेवेल व्हती रे,’ एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात आत्या आलीच. तिला सांगितलं. ‘जाऊ दे,’ म्हणाली आणि पाटावर बसली, भिंतीला पाठही न टेकता. आईला एका शब्दाने बोलली नाही. अहो, नणंद भांडली तर परवडते, पण नणंद गप्प बसली की भावजयीने जायचं कुठे? आई चुलीवरच्या खापराकडे वळली आणि मांडे करायला लागली. तिचं स्वतःचं माहेर म्हसावदला, हाकेच्या अंतरावर. पण नणंद यायच्या दिवशी ती कशी जाणार?

मला काही ते बघवेना. शहाद्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि दुकानात नवा डबा येऊन पडला होता, ज्याला डिस्कची फटच नाही. म्हटलं, बघतोच आता! जुना डबा गोणपाटात बांधला, मोटारसायकलवर मागे आवळला आणि निघालो.

बाजारपेठ बंद, सगळं गाव सणात. शटर अर्धं उचलून आत शिरलो. दुकानात इंटरनेटची फायबर लाईन आहे. तोच गेम शोधला, विकत घेतला, उतरवायला लावला आणि बघत बसलो. देवा! काय ते पळणं! पूर्वी असला गेम उतरवायला लावायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वाकून बघायचं. इथे आकडा वाचेपर्यंत पुढचा आकडा. मी दुकानात एकटा, आणि एकटाच टाळ्या पिटत होतो. आणि साठतं कशावर, तर एका चपट्या चिपेवर, ज्यात फिरणारं असं काहीच नाही. डिस्क म्हणजे जातं हो, फिरवल्याशिवाय पीठ नाही. इथे पीठ आधीच डब्यात भरलेलं, घ्या आणि मळा.

गेम सुरू केला. समोर पहिल्या पायरीवरची, साधी पांढरी जीप. अर्थातच! गेम नवा, डबा नवा, त्याला आत्या कोण ते काय माहीत? तिची लाल जीप, तिच्या सगळ्या आखाज्या जुन्या डब्याच्या पोटात होत्या. हा पांढरा नमुना नेण्यापेक्षा न नेलेला बरा.

दोन्ही डबे शेजारी ठेवले, मध्ये केबल जोडली. जुना डबा सुरू होताना असा कण्हला की मी हात जोडले. मग दोघांची ओळख पटली आणि मजकूर इकडून तिकडे जायला लागला. मी पाणी प्यायला बाटली उघडली, झाकण लावेपर्यंत काम संपलं. पुन्हा गेम उघडला. लाल जीप! सगळ्या शर्यतींवर जिंकल्याची खूण, फक्त घाट बाकी. मी बंद बाजारपेठेत अशी आरोळी ठोकली की समोरचं कुत्रं उठून गेलं.

घरी पोचलो, तारा जोडल्या. आत्या पाटावरून हलली नव्हती. पडदा उजळला.

‘मन्ही गाडी कोठे शे?’ तिने विचारलं.

‘ही काय.’

ती सरसावून बसली, वाट बघायची तयारी करून. तिला सवय ना! शर्यत लावायची, डिस्क फिरेपर्यंत पदर सारखा करायचा, पाणी प्यायचं, सुपारी कातरायची. अडकित्ता काढायला तिने पिशवीत हात घातला आणि शर्यत सुरूसुद्धा झाली. बाकीच्या गाड्या सुटल्या, आत्याची जीप जागच्या जागी. तिने पिशवी भिरकावली आणि काय पळवली म्हणता! हरली. पुन्हा लावली, श्वास घ्यायच्या आत घाट समोर. पुन्हा हरली. पुन्हा लावली. गेल्या वर्षी अख्ख्या दुपारीत जेवढं झालं नसतं तेवढं तिने जेवणाआधी केलं, आणि शेवटच्या वळणावर पुढच्या गाडीला आतल्या बाजूने मागे टाकून ती पहिली आली. मी उड्या मारत होतो. झोक्यावरच्या पोरी दारात गोळा झाल्या. आई हातात उलथणं घेऊन चुलीपाशीच उभी, डोळ्याला पदर लावून.

चार वाजायला अजून खूप अवकाश होता. मी म्हटलं, आत्या, दुसरा गेम लावू? ती उठली, चुलीकडे गेली, आईच्या हातातलं उलथणं काढून घेतलं.

‘वहिनी, आते तू बस. मांडे मी करस.’

आई हादरलीच. आखाजीला लेक चुलीपाशी बसली तर लोक काय म्हणतील, असं काहीबाही पुटपुटायला लागली. आणि वर, मला येत नाही.

‘माले तरी कोठे येत व्हतं?’ आत्या म्हणाली आणि तिला दंडाला धरून पाटावर बसवलं.

आईने पिठाचे हात पुसेपर्यंत तिची जीप सुटलीसुद्धा होती. ती उलटी फिरली, दगडावर चढली, नदीत पडली. आई खोखो हसत होती. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. चुलीपासून आत्या डावीकडे, उजवीकडे ओरडत होती आणि तिचे मांडे एकामागून एक फाटत होते.

चारला हॉर्न वाजला. आत्याने मुलाला चिंचेखाली पत्ते खेळायला धाडलं. म्हशी एखाद्या दिवशी उशिरा पिळल्या तर मरत नाहीत म्हणाली. वडील चहाला म्हणून आत आले आणि दारातच थांबले. आई शेवटून पहिली येऊन पुन्हा शर्यत लावत होती. तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

‘आज चहा तुमीच ठेवा,’ ती म्हणाली.

वडिलांनी ठेवला. साखर कुठे असते, ते मात्र त्यांना तिलाच विचारावं लागलं.