भिंतीपलीकडची अर्धी प्रार्थना

सुवार्ताबाईंनी पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, शिवणाची कात्री. जपमाळ तेवढी आत-बाहेर होत राहिली. आत टाकली की जीव कासावीस व्हायचा, बाहेर ठेवली की हात रिकामे वाटायचे.

लेक करिष्मा आणि जावई प्रेमानंद त्यांना कायमचं घेऊन जायला चिखलीहून जीपने निघाले होते. बाई न्हाणीत पाय घसरून पडल्यापासून करिष्माचं फोनवर एकच टुमणं होतं, "एकटी नोको राहू, आई." काल मात्र जावयाने फोन घेतला.

"या आई, घर तुमचंच हाय. फक्त ते मरियेची मूर्ती अन् माळ तिकडंच राहू द्या. आमच्या घरात चालत नाई."

प्रेमानंद माणूस सरळ. चिखलीच्या एका प्रार्थना-मंडळीतला, बायबल तोंडपाठ; त्या मंडळीत प्रार्थना थेट देवाला, मधे मरिया नाही. करिष्माही लग्नानंतर तिकडेच रमली होती.

बाईंच्या धाड गावात कॅथलिक घरं बोटावर मोजण्याइतकी. फादर कधीमधी येऊन मिस्साची उपासना करून जायचे. एरवी दिवसभर ब्लाऊज शिवायचे आणि दिवेलागणीला माळ ओढायची, हा बाईंचा नेम. लग्न होऊन आल्या तेव्हापासून रीत ठरलेली: 'नमो मरिया'चं पहिलं अर्धं त्यांनी म्हणायचं, दुसरं नवऱ्याने, उकंडरावांनी. रानातून थकून आलेले उकंडराव भिंतीला टेकून पेंगायचे, पण आपली जागा आली की नेमकं उचलायचे, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते…" ते वारले आणि प्रार्थना मधोमध उघडी पडली. पहिलं अर्धं संपलं की बाई थांबायच्या. पुढचं म्हणायला जीभच वळायची नाही. ते उकंडरावांचं होतं.

अशाच एका संध्याकाळी कुडाच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "हे पवित्र मरिये…"

शेजारीण, धम्मशीला! भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, देव-बिव काही न मानणारी. वर्षानुवर्षं ऐकून तिला पाठ झालं होतं.

"तू काऊन म्हनतं वो?" बाईंनी विचारलं होतं.

"तू मधातच थांबून राह्यतं. माह्या भाकरीचा ताल चुकते."

तेव्हापासून तसंच चाललं होतं.

जीपला आज उशीर झाला. दिवे लागले तशी बाईंनी माळ घेतली. त्या म्हणत होत्या, भिंत उत्तर देत होती. लेक-जावई कधी उंबऱ्यात येऊन उभे राहिले ते बाईंना कळलंच नाही.

"पलीकडं कोन हाय?" प्रेमानंदाने विचारलं.

"धम्मशीला."

तो हसला. कुत्सित नव्हे, खरंच चकित होऊन. "आई, त्या बौद्ध! त्याईचा मरियेवर विश्वास नाई, येशूवर नाई, तरी म्हनून राह्यल्या! मी हेच तर सांगतो. तीच ती बडबड करू नका, असं खुद्द येशूनं सांगितलं. शिकवलं तर पोपटबी म्हनन."

पलीकडे भांडं आदळलं.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "तुमच्या पोटाचं ऑपरेशन होतं. मले फोन करून काय म्हनलं होतं?"

"माह्यासाठी प्रार्थना करा."

"थेट देवाले काऊन नाई सांगितलं? मधात मले काऊन घेतलं?"

"तुम्ही जित्या हाय."

"अन् मरिया? गेलं ते संपलंच, असं हाय का तुमच्या मंडळीत?"

"आई, शब्दात नोको पकडू त्याईले!" करिष्मा मधे पडली.

प्रेमानंदाने मात्र विचार केला. "संपलं नाई म्हनत मी. पन ते आपलं ऐकते, हे शास्त्रात दाखवा मले."

"नाई येत दाखवता," बाई म्हणाल्या, आणि पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"तू मनात म्हन ना, आई," करिष्मा काकुळतीला आली. "दार लावून. माळ नाई, आवाज नाई. चालन ना वो?"

प्रेमानंदाने होकाराची मान हलवली. त्याच्या परीने तो खरंच चार पावलं पुढे आला होता. बाईंनी मनात म्हणून पाहिलं. पहिलं अर्धं झालं. आता थांबायचं कुठं? कोणासाठी?

"मी नाई येत, करिष्मा."

"पुन्हा पडली तर?"

"पडीन."

"एका माळेपायी लेक सोडतं?"

बाईंनी पिशवीतली लुगडी काढून परत खाटेवर ठेवली. जीपमध्ये बसताना प्रेमानंद सवयीने बोलून गेला, "आमच्यासाठी प्रार्थना करा, आई," आणि मग चटकन ड्रायव्हरकडे पाहू लागला. करिष्माने मागे वळून पाहिलंच नाही.

घरात येऊन बाई बसल्या, उठल्या, मशीनवरचं कापड झटकलं, परत बसल्या. लेकीचं बोलणं सलत होतं, पण त्याहून जास्त जावयाचा तो पोपट. जावयाचं खरं असलं तर? इतकी वर्षं भिंतीला भिंतच उत्तर देत असली तर? त्यांनी माळ धरली, पहिलं अर्धं म्हटलं आणि थांबल्या.

भिंत गप्प.

"धम्मे?"

"पोपट जेवून राह्यला."

"खरं सांग वो. नुसतं तोंडानंच म्हनतं का तू?"

घास चावण्याचा आवाज थांबला. "बहुतेक वेळा तोंडानंच. खोटं काऊन बोलू?" मग पाण्याचा एक घोट ऐकू आला. "तू न्हाणीत पडली होती ना, तवा रिक्षा येईस्तोवर मी एकटीच म्हनत होती. पुरं. तुहंबी, माहंबी."

"कोनाले?"

"मले काय मालूम! तुले शुद्ध नव्हती, अन् दुसरं काई येतच नव्हतं." ताट सरकल्याचा आवाज आला. "म्हन आता. भाकर गार होऊन राह्यली."

बाईंच्या बोटांतून मणी निसटला होता. तो त्यांनी चाचपून शोधला, पहिलं अर्धं पुन्हा म्हटलं, आणि थांबल्या.