रातोरात गेलेलं सहा फूट पाणी

काल संध्याकाळी ज्या डोहात खोली सांगणारं मशीन बारा फूट पाणी दाखवत होतं, तिथंच सकाळी सहा दाखवायला लागलं. दुष्काळ होता, कबूल. पण एका रात्रीत सहा फूट पाणी कुठलाच उन्हाळा पीत नाही. मी इंजिन बंद करायला लावलं. आकडा जागचा हलला नाही.

बोट माजलगाव धरणावरच्या एका मच्छिमार सहकारी संस्थेची, नवीकोरी, फायबरची. मी बोटींवर इन्स्ट्रुमेंट बसवणारा टेक्निशियन. बोटीच्या मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. तिच्या खालच्या कडेला साबणाच्या वडीएवढा सेन्सर बसतो. तो पाण्यात आवाज सोडतो आणि तळाला आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली सांगतो. त्यालाच एक बारीक चक्र असतं, ते फिरतं त्यावरून स्पीड कळतो. बसवायचा इंजिनच्या पंख्यापासून लांब आणि बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली. नाहीतर बुडबुड्यांत त्याला काही ऐकू येत नाही. काल मी आधी जरा वर बसवला, तर बोट पळाली की आकडा गायब. ब्रॅकेटमध्ये थोडा खाली सरकवला, मग सुरळीत. तेव्हा माझ्यासोबत फक्त संस्थेचा सेक्रेटरी विष्णू होता. चाळिशीचा, चौकस माणूस. त्याने एकेका बटणाचं विचारून घेतलं. मला बरंच वाटलं, एरवी लोक ऑन-ऑफच्या पुढे जात नाहीत.

धरण आटत आटत सिंदफणा नदीच्या जुन्या पात्रातल्या या डोहावर आलं होतं आणि संस्थेची सगळी मासळी त्यातच होती. कटला अजून पाव किलोचा. पाणी पुरेसं असेल तर तो पावसापर्यंत तगणार, किलोचा होणार. उथळ असेल तर तापल्या पाण्यात मरायच्या आत आजच काढून मिळेल त्या भावात विकायचा. सगळ्या सभासदांचं वर्ष त्या आकड्यावर होतं.

आणि काठावर बर्फाचा टेम्पो आधीच येऊन उभा. व्यापारी कोण, तर चेअरमन दगडूआबांचा सख्खा मेव्हणा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

काल इथंच बारा होतं, असं मी सांगितलं. आबांनी सहाचा आकडा बघितला आणि जाळी टाकायला सांगा म्हणाले. बोटीत आबा आणि विष्णूखेरीज मुक्ताबाई होत्या, जुन्या सभासद, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून हट्टाने आलेल्या. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"काल बारा, आज सहा. सायेब, रात्री कुणाकडं जेवलात?"

जेवलो होतो आबांकडेच. मटण होतं. आता ते फुकटचं वाटेना. मी भडकलो, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

आधी सेन्सर तपासला. वाकडा झालेला नव्हता, स्क्रू घट्ट, चक्रात शेवाळ नाही. मग जाळ्याची दोरी मागितली, तिला दगड बांधून तळाला सोडला. वर ओढून मुक्ताबाईंनी ओल्या दोरीला स्वतः टेप लावला. बारा फूट. आबांचा चेहरा पडला. मला वाटलं, चोर सापडला.

पण मशीन धड आणि आकडा खोटा, म्हणजे कुणीतरी आतून फिरवलेला. मेनूमध्ये ऑफसेट म्हणून एक सोय असते. सेन्सर पाण्याच्या पातळीपेक्षा जेवढा खाली असेल तेवढं त्यात मिळवायचं. मी ते उघडलं. वजा सहा फूट! म्हणजे दर वेळी खऱ्या खोलीतून सहा फूट कमी. आबांना तर मोबाइलवरचा मेसेजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. हे बटण मी शिकवलं होतं एकाच माणसाला.

मी विष्णूकडे बघितलं. त्याने नजर चुकवली नाही.

"सायेब, वरल्या अंगाला ऊसवाल्यांच्या मोटारी हायेत. बंदीचा हुकूम हाय, पर अंधार पडला की चालूच. डोहात बारा फूट हाय असा बोभाटा झाला, की उद्या पाइप हितंच येतेत. मग पाणी बी गेलं आन मासे बी."

"आन आमी आज सगळं मातीमोल इकलं असतं, ते रे?" मुक्ताबाईंनी विचारलं.

विष्णूला वाटलं होतं, इकडे दोन दिवस चर्चा चालेल, तेवढ्यात तो गुपचूप सभासदांना सांगेल. आबा बर्फ सांगून मोकळे होतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि आबांनी आकडा यायच्या आधीच बर्फ का सांगितला, तर मासे मेले तर लोक आपल्याला फाडून खातील या भीतीने. दुसरा कुणी व्यापारी यायलाच तयार नव्हता. मी उगाच त्यांच्या मटणाला नावं ठेवली.

टेम्पो रिकामा परत गेला. मी ऑफसेट नीट केला, स्क्रीनवर बारा आले. काठावर दोन मोटारसायकलवाले, ऊसवाल्यांपैकीच असावेत, केव्हाचे आमच्याकडे बघत थांबले होते. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मुक्ताबाईंकडे बघितलं, मग माझ्या कानाशी आले.

"सायेब, ते सहाच राहू द्या."

मी म्हणालो, माझ्या हाताने खोटा आकडा ठेवणार नाही. बॅग उचलली आणि निघालो. विष्णूला बटण माहीत होतंच, ते काही मी त्याच्या डोक्यातून काढू शकत नव्हतो.

पावसानंतर सर्व्हिसिंगला गेलो, तेव्हा मुक्ताबाईंनी किलोचा कटला हातात ठेवला. धरण भरलं होतं. मेनू उघडला, ऑफसेटमध्ये वजा सहा. मी मेनू बंद केला आणि कटला बॅगेत ठेवला.

तेव्हापासून नवीन बोटीवर गेलो की पाणी किती आहे ते नंतर बघतो. ते कुणापासून लपवायचंय, हे आधी विचारतो.