हार्लनचा दोन घरांचा साचा

हार्लन स्टॉकीने एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला आणि जवळजवळ तितकीच वर्षं गुरुवारच्या नेमबाजीसाठी गोळ्या ओतल्या. ट्रकवरून तो निवृत्त झाला तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. गोळ्यांचं तसं नव्हतं.

मोंटानाच्या उत्तरेला, गव्हाच्या शेतांच्या मधोमध असलेल्या त्या गावात दर गुरुवारी नऊ जण आपापली रिव्हॉल्व्हर घेऊन क्लबच्या तळघरात जमत. पद्धत ठरलेली होती. टायरच्या दुकानात चाकाला लावायची शिशाची जुनी वजनं मिळतात, ती प्रत्येकाने मागून आणायची आणि हार्लनच्या गॅरेजात टाकायची. हार्लनने गोळ्या ओतायच्या. त्या घरी नेऊन ज्याने त्याने आपली काडतुसं आपणच भरायची. दुसऱ्याने दारू भरलेलं काडतूस तिथे सख्खा भाऊसुद्धा आपल्या बंदुकीत घालत नाही. गोळी मात्र नऊही जणांची हार्लनचीच.

त्याचा साचा बिडाचा, चार घरांचा. एका वेळी चार गोळ्या, सपाट तोंडाच्या. अशी गोळी निशाणाच्या कागदात पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते. नऊ गुण की दहा, यावर वादच होत नाही.

फेब्रुवारीत हार्लनच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शस्त्रक्रिया झाली. सांधा झिजला होता. डॉक्टर म्हणाले, "दीड पौंडापेक्षा जड काही धरून उभं राहायचं नाही. कायमचं."

घरी आल्यावर मेव्हिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, पावाचं पीठ मोजायचा काटा ओट्यावर ठेवला आणि साचा मुठींसकट त्यावर चढवला. साडेतीन पौंड.

"रिकामा," ती म्हणाली. "शिसं वेगळं."

"काटा जुना झालाय तुझा."

"काटा दोन वर्षांचा आहे. जुना कोण झालाय ते मी बोलत नाही."

गावात बातमी पसरायला दोन दिवस लागतात. मेव्हिसचा भाऊ ड्वेन दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला. त्याच्याकडे अॅल्युमिनियमचा सहा घरांचा साचा होता आणि पंधरा वर्षं तो वाट बघत होता.

"आता शिसं माझ्याकडे टाकू दे सगळ्यांना," तो म्हणाला. "एका दमात सहा काढतो मी. तू आराम कर, म्हाताऱ्या."

"तुझ्या गोळ्यांची तोंडं गोल. कागद फाडतात नुसता. दर गुरुवारी भांडणं लावशील."

"भांडणं झाली तर निदान जागे तरी राहतील सगळे."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी शेजारच्या गावाबरोबर सामना होता. तोवर हार्लनला जमलं नाही, तर शिसं ड्वेनकडे जाणार हे न बोलताच ठरलं होतं. हार्लनला झोंबलं ते एवढ्याचसाठी, की त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

त्याने साच्यांचा कॅटलॉग मागवला. गोळीचा आकार आणि वजन यांबद्दल प्रश्न नव्हता. तेच सपाट तोंड, तेच एकशेअठ्ठेचाळीस ग्रेन. प्रश्न घरं किती हा होता. त्याचं बोट सारखं सहाच्या साच्यावर जाई. अॅल्युमिनियम हलकं असतं, आणि ड्वेनपेक्षा कमी घरं घ्यायची म्हणजे काय?

"घेण्याआधी ड्वेनचा धरून तर बघ," मेव्हिस म्हणाली.

"त्याच्याकडे मागू?"

"मग काय, पोस्टमनकडे मागतोस?"

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून, पंखा लावून हार्लनने ड्वेनचा साचा हातात घेतला. ड्वेन कॉफीचा मग घेऊन बघायला उभा. शिसं भरलं, थिजलं. वरची पट्टी बाजूला सारली की गोळ्यांवर उरलेली शिशाची शेपटं कापली जातात, पण सहा शेपटं एकदम कापायला दांडा जोर लावून दाबावा लागतो, आणि तेवढा वेळ डाव्या हाताने साचा घट्ट धरावा लागतो. पाचव्या खेपेला हार्लनने साचा खाली ठेवला. हात कोटाच्या खिशात घातला.

"काय झालं?" ड्वेनने विचारलं.

"काही नाही. तुझा साचा घाण आहे."

ड्वेन हसला नाही, ते हार्लनला जास्त लागलं.

त्या दुपारी त्याने दोन घरांचा साचा मागवला. मुठींसकट पौंडभर. फॉर्म भरताना तो मेव्हिसला म्हणाला, "हा नवशिक्यांचा असतो."

"हाताला माहीत नाही ते," ती म्हणाली.

साचा आला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. निघालेली प्रत्येक गोळी सुरकुतलेली, सुकल्या मनुक्यासारखी. हार्लनने शिसं जास्त तापवलं, कथील घातलं, साचा साबणाने दोनदा धुतला. तरी मनुकेच. भट्टी बंद करून तो आत आला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि खुर्चीत बसला.

"परत पाठवतो. साचाच खोटा आहे."

मेव्हिस लेफ्सा भाजत होती, बटाट्याच्या पातळ पोळ्या. "मी मघाशी खिडकीतून बघत होते," ती पोळी उलटत म्हणाली. "ओतून झालं की तू किती वेळ थांबतोस रे?"

"थांबावंच लागतं. गोळी बसू द्यायला नको?"

"ते बिडाला. बीड ऊब धरून ठेवतं, त्याला सावकाश चालतं. हे पातळ पत्र्याच्या तव्यासारखं आहे, दोन मिनिटं रिकामं राहिलं की थंड. तू प्रत्येक खेपेला गोळी हातात घेऊन न्याहाळतोस, तेवढ्यात तवा निवतो."

इतकी वर्षं गोळ्या ओतणाऱ्याला हे बायकोने स्वयंपाकघरातून सांगावं! हार्लनने अर्धा लेफ्सा लोणी-साखर लावून खाल्ला, उरलेला तसाच ठेवला आणि गॅरेजात गेला. या वेळी गोळ्यांकडे बघायचंच नाही असं ठरवलं. ओत, काप, पाड, पुन्हा ओत. दहाव्या खेपेपासून गोळ्या गुळगुळीत निघू लागल्या. काठ धारदार, बूड सपाट.

चाळीस मिनिटांनी अंगठा ठणकू लागला, तेव्हा त्याने मोजल्या. एकशे बावन्न चांगल्या. नऊ जणांना आठवड्याला साडेपाचशे लागतात. दुसऱ्या दिवशी हात सुजलेला होता, म्हणजे रोज बसणंही शक्य नव्हतं. त्याने हिशेब दोनदा केला. साचा उत्तम निवडला होता. तो पुरणार नव्हता एवढंच.

गुरुवारी नेमबाजी संपल्यावर त्याने सगळ्यांना थांबवलं. "सामन्याच्या गोळ्या मी ओतीन," तो म्हणाला. "सरावाच्या ड्वेन."

ड्वेनच आधी बोलला, "गोल तोंडाच्या चालतील ना?"

"नाही चालणार. उद्या येऊन माझा बिडाचा घेऊन जा. आणि घाई करू नकोस, त्याला घाई आवडत नाही."

"चारच घरं?"

"अंगठा शाबूत आहे ना तुझा? मग मोजू नकोस."

ड्वेन शुक्रवारी नुसता साचा घेऊन गेला नाही. दोन तास हार्लनच्या गॅरेजातच ओतत बसला, कारण त्याला एकट्याने सुरुवात करायची नव्हती, आणि ते कबूलही करायचं नव्हतं. हार्लन शेजारी स्टुलावर बसून, शंभरदा सांगायचं मनात येऊनही, तीनदाच काही म्हणाला. शेवटी त्याने गार झालेल्या गोळ्यांतून मूठभर उचलल्या, उजेडात एकेक फिरवली, बुडं पाहिली आणि दोन बाजूला काढल्या.

"या परत वितळव."

"दोनच?" ड्वेनने विचारलं.

"या मुठीतल्या दोन. ढीग अजून बघायचाय." हार्लनने स्टूल पुढे ओढलं.