काउंटरवरची मुलाखत

सिंदी मेघेतला तो झेरॉक्सवाला हातात आलेला प्रत्येक कागद आधी वाचायचा. माझ्या मुलीचे विद्यापीठ प्रवेशाचे कागद पाहिल्यापासून तो तिची मुलाखतच घेऊ लागला. "तुले हेच काऊन शिकाचं हाये?" ती उत्तर द्यायची. मग मशीन थांबवून तो म्हणायचा, "हे पाठ केलेलं हाये. मनातलं सांग."

एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "तिथं प्रोफेसर इंग्रजीत विचारतात. तुमच्याशी बोलून तिची भाषा बिघडते."

चष्मा पुसत तो म्हणाला, "बरोबर हाये, सर." पुन्हा त्याने तिला काहीच विचारलं नाही.

मुलाखतीहून परतल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, पाठ केलेलं नको, असं तिथल्या प्रोफेसरांनीही म्हटलं. मग मी झेरॉक्सवाल्या काकांना सांगायचे तसंच सांगितलं." तिला प्रवेश मिळाला.

मी पेढे घेऊन दुकानात गेलो. त्याने दोन्ही हातांनी पेढा घेतला. "इंग्रजीतच बोलली ना पोरगी?"

मुलीने सांगितलेलं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याला काय बोललो होतो ते आठवून लाज वाटली. मी फक्त "हो" म्हणालो.

"मंग बरं केलं सर, तुमी मले थांबवलं ते."