चारचा चटका

अकरा वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून माणसाचं काय होतं, ते भट्टीमास्तरकडे बघून कळायचं. उजव्या हाताला कोपरापर्यंत केस नाहीत, भुवया अर्ध्या, चेहरा भाजलेल्या विटेसारखा. हॉटेल तसं पोराबाळांचं. एका बाजूला काचेमागे बिअर बनवायच्या तांब्याच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला मास्तरची लाकडावरची पिझ्झाची भट्टी. मधल्या लांब बाकांवर बापमंडळी फेसाळ पेले घेऊन बसलेली आणि पोरं टेबलावरच्या कागदावर खडूंनी रेघोट्या ओढताहेत.

मास्तरची एक पद्धत होती. भट्टीच्या तोंडात हात धरायचा आणि आकडे मोजायचे. चारला चटका बसला की भट्टी तयार. मालक दोन वर्षं मागे लागला होता, उष्णता दाखवणारा काटा बसवू म्हणून. मास्तर त्याला उडवून लावायचा. काटा बसला की उद्या कोणीही इथे उभा राहील, मग मी काय टाक्या पुसू? आणि ते खरंच होतं. काटा आला की त्याची जागा गेली. पण गेल्या महिन्यात चार पिझ्झा खालून काळे होऊन परत आले. मालकाने गोड आवाजात सांगून टाकलं, पाचवा आला की काटा बसवायला मी तुम्हाला विचारत बसणार नाही. मास्तरने खापर लाकडांवर फोडलं. मेली ओली आहेत, धग धरत नाहीत. सात मोजले तरी चटका नाही. मग काय, अजून एक ओंडका आत.

त्या रविवारी दुपारी त्याची बायको, मुलगी आणि सहा वर्षांची नात तिथे जेवायला आल्या. अकरा वर्षांत बायकोने पाऊल टाकलं नव्हतं. तुमच्या कपड्यांतून येतो तेवढा धूर मला पुरे, म्हणायची. मास्तरची कंबर सकाळपासून धरली होती, तरी घरच्यांचा पिझ्झा त्याने जातीने लावला. हात धरला. आठ. लाकडांना एक शिवी हासडून त्याने ओंडका सरकवला.

थोड्या वेळाने टेबलाशी गेला तर तिघी मुकाट खात होत्या. मस्त झालाय, असं म्हणून मुलीने पाण्याचा पेला तोंडाला लावला. बायको वरवरचं चीज तेवढं खात होती. नातीने तुकडा उलटा केला.

"आजोबा, याच्या पाठीला शाई लागलीय."

मुलीने डोळे वटारले. बायको हळूच म्हणाली, "अहो, आम्ही काही परत पाठवणार नाही. तुम्ही जा, काम करा."

मास्तर परत भट्टीशी आला. हात धरला. नऊ मोजले. शेजारी पिठाचे उंडे थापणाऱ्या बाईला म्हणाला, जरा तू धरून बघ. तिला वाटलं, मास्तर थट्टा करतोय. तिने हात पुढे केला आणि दोनलाच मागे घेतला.

"दादा, मला जाळायला काढलीत का? नुसती फणफणलीय भट्टी."

लाकडं वाळकीच होती. हात मेला होता.

मालक जवळपास नाही, हे मास्तरने पाहून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू हात धरत जा, बाकीचं मी बघतो. मालकाला कशाला कळायला हवं?"

बाईने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग पीठ झटकून स्वतःच्या. "आणि माझा किती वर्षं पुरेल, दादा?"

ती रागाने बोलली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. त्याने लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं आणि मालकाकडे गेला. काटा बसवा, म्हणाला. लाकडं चांगली आहेत, मी उगाच त्यांना बोल लावत होतो. मालक गडबडला, मग तुमचं काय, असं विचारू लागला. मास्तरने ते त्याच्यावरच सोपवलं. उद्या काय ते सांगा, आत्ता मी जेवायला बसतो.

बायकोने बाकावर सरकून जागा केली. मास्तर एप्रनसकट बसला, भट्टीकडे पाठ करून, आणि तिच्या ताटातला उरलेला तुकडा उचलून चावू लागला.

"कडूजहर झालाय," तो म्हणाला.

"मग," बायको म्हणाली, "सावकाश खा."