बबिताताईनं मशीनलाच विचारलं

बबिताताई माझी चुलत बहीण. नांदूरघाटात तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत न्हाई, हे आधीच सांगतो. मी नववीत शाळा सोडली. तिनं न्हाई सोडली. मेंढरामागं हिंडत बारावी केली, मग बीडला कॉम्प्युटरचा कोर्स. आता ती आमच्या मेंढपाळ संस्थेत बसती. कुणाच्या मेंढराच्या कानात कोणता बिल्ला, कवा लस टोचली, समदी नोंद तिच्याकडं. लांब चरायला गेलं की लोक आधी ह्यो लसीचा कागद मागतेत, मगच वावरात मेंढरं बसू देतेत.

ही नोंद एका जुन्या प्रोग्रामात हाय, आन तो जुन्या विंडोजशिवाय उघडत न्हाई. संस्थेचा जुना कॉम्प्युटर औंदा मेला. डिस्क तेवढी वाचली. दोन नव्या मशिनी आल्या, एक हॉलमधी, एक चेअरमनच्या केबिनात. ताई म्हणली, नव्या मशीनच्या पोटात एक खोटी मशीन करू आन तिच्यात जुनं विंडोज बसवू.

मशिनी घेऊन आलेल्या इंजिनियरनं, मशीनच्या पोटात काय काय चालतं त्याचा छापील कागद पुढं केला. "या यादीत तुमचं विंडोज नाही, मॅडम. नोंद नव्यानं भरा."

चेअरमन भागवतराव लगेच बोलले, "बराबर हाय. जे हजर हायती त्यांची भरून घ्या."

हजर कोण? गावातले बागायतदार, दारात दोन शेरडं बांधणारे. खरे मेंढरंवाले एकवीस घरं रानोमाळ. ताईचे वडील, माझे म्हाळूकाका, त्यातच. नव्यानं भरली की ही एकवीस घरं नोंदीतून साफ.

ताई म्हणली, "ह्यो कागद दुकानदाराचा हाय. मी मशीनलाच विचारते."

तिनं दहा-बारा ओळी लिहिल्या. त्याला स्क्रिप्ट म्हणतेत.

"काय करायलीस ग?" मी विचारलं.

"तू पोटात कोणकोणत्या सिस्टीमा घेतीस, असं विचारायलेय तिला."

बटन दाबलं आन खटाखट नावं पडली. त्यात आपलं जुनं विंडोज! ताईनं एकवीस घरांना फोन लावले, "मंगळवारी नोंद चालू व्हईल, घोर करू नका."

मंगळवारी हॉलातल्या मशीनवर बसवाय घेतलं, तर मशीन घेईना. तीनदा केलं, तीनदा नकार. इंजिनियर हसला. भागवतराव म्हणले, "पोरी, मेंढरं वळणं येगळं आन ह्ये येगळं."

माझं डोस्कं सणकलं. ताईनं नुसतं बघितलं, मी बसलो.

मंग तिनं आपली स्क्रिप्ट परत वाचली आन समद्यांदेखत म्हणली, "चूक माझी हाय. मी एकाच मशीनला विचारलं, वायरीवर जी आधी सापडली तिला. पुढचं मेंढरू शिरलं की बाकीची मागं शिरतेतच, तसं धरून चालले."

मी कानात म्हणलं, "ह्यांच्यापुढं कशापायी कबूल करतीस?"

"माझी चूक दुसरं कोण सांगल?"

तिथंच तिनं स्क्रिप्ट बदलली. आता स्क्रिप्ट एकेका मशीनकडं जाऊन येगळं विचारायची आन दोन्ही याद्या शेजारी-शेजारी मांडायची. मिनिटात उत्तर आलं. हॉलातल्या मशीनवर खोटी मशीन करायचं नवं सॉफ्टवेअर, त्यानं जुनं विंडोज काढून टाकलेलं. दुसरीवर आधीचं, ती अजून घेती; त्या दिवशी उत्तर दिलेलं ते हिनंच. इंजिनियरचा कागद नुसता नव्याचा होता.

"मग हॉलमधी बी आधीचंच टाका," ताई म्हणली.

"गॅरंटी जाईल, मॅडम."

"बरं. दुसरी मशीन कुठं हाय?"

दुसरी केबिनात. तिच्यावर भागवतराव क्रिकेट बघतेत.

"त्या मशीनला हात लावायचा न्हाई," भागवतराव गरजले. "चेअरमनची हाय ती!"

"संस्थेची हाय. संस्था एकवीस घरांची बी हाय. तुमी त्यांना फोन लावा आन सांगा, क्रिकेटसाठी तुमचं नाव काढलं. मी नंबर देते." ताईनं खरंच मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

भागवतरावांनी मोबाईल घेतला न्हाई. इंजिनियर भिंतीकडं बघायला लागला.

"उचल रे नाथा," ताई मला म्हणली.

मी केबिनात गेलो, स्कोअर चालू होता, तसाच बंद केला आन मशीन खांद्यावर घेऊन आलो. आपोआप नवं सॉफ्टवेअर येऊ नये म्हणून ताईनं नेटची वायर काढून ठेवली, जुनं विंडोज बसवलं, डिस्क लावली. नोंद उघडली. एकवीसच्या एकवीस घरं. म्हाळूकाकांची चौसष्ट मेंढरं, एक बी बिल्ला कमी न्हाई.

तिनं लसीचा पहिला कागद छापला आन सहीला भागवतरावांपुढं ठेवला.

"आन मी काय बघत बसू?" ते पुटपुटले.

"ह्ये असे एकवीस कागद," ताई म्हणली. "सह्या करा."