ओठांवरचा तास

शाळेत त्यांना सगळे 'टू-इंग बाई' म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तेहतीस वर्षं त्या इंग्रजी व्याकरण शिकवत होत्या. जेरंड आणि इन्फिनिटिव्हचा, म्हणजे कुठल्या क्रियापदामागून 'इंग' येतं आणि कुठल्यामागून 'टू' याचा, धडा त्यांच्यासारखा कोणी घेत नाही, असं जुने विद्यार्थी आता आपल्या मुलांना सांगत. व्याख्या नाही, घोकंपट्टी नाही. बाईंनी क्रियापद फेकायचं आणि वर्गाने पुढचं झेलायचं.

"एन्जॉय!"

"इंग!"

"वॉन्ट!"

"टू!"

"अव्हॉइड!"

"इंग!"

एन्जॉय रीडिंग, वॉन्ट टू रीड. आठवडाभर ही झेलाझेली चालली की मठ्ठातला मठ्ठ मुलगाही झोपेतून उठवून विचारलं तरी चुकत नसे.

पण गेली काही वर्षं या खेळामागे बाईंचं एक गुपित होतं. वर्गाचं उत्तर त्यांना ऐकू येत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली. मग दूध उतू जाण्याचा आवाज. मग एकेक करून माणसं. डाव्या कानात काहीच उरलं नाही, उजव्यात पाण्याखालून यावा तसा गोंगाट. लांबच्या एका डॉक्टरांकडून गुपचूप आणलेलं यंत्र लावलं की तो गोंगाट दुप्पट व्हायचा, शब्द काही सुटा व्हायचा नाही. यंत्र कपाटात कपड्यांच्या घडीखाली गेलं आणि बाई ओठ वाचायला शिकल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या व्याकरणात हा एकच धडा असा आहे ज्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. 'टू' म्हणताना ओठांचा चंबू होतो, 'इंग' म्हणताना ओठ ताणले जातात. चाळीस तोंडांत एक जरी चुकलं तरी झटकन कळतं. बाकीचे धडे त्या फळ्यावर आणि वह्यांत उरकत. घंटेचंही त्यांनी जमवलं होतं. समोरच्या वर्गातली मुलं दप्तरं आवरू लागली की आपला तास संपला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती झाकून ठेवताना बाईंची बोटं दुखत होती. चित्रकलेच्या सरांची दृष्टी गेली तेव्हा महिन्याभरात त्यांच्या हातात निरोपाचा गुच्छ आला, दोघांनी भाषणं केली आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीतली त्यांची खुर्ची प्रयोगशाळेत हलवली गेली. खुर्चीच्या त्या रिकाम्या जागेवरून चालताना बाई अजून पाय उचलून टाकत.

घरी मोठी बहीण होती, आक्का. तिला बाईंचं सगळं माहीत होतं, पण तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि कवळी तिला सोसत नसे. त्या बोळक्या तोंडावरचं एकही अक्षर बाईंना वाचता येत नसे. म्हणून आक्का पाटीवर लिही.

"भिंतींनासुद्धा कान असतात म्हणतात," तिने एकदा लिहिलं. "तू भिंतीच्याही पलीकडे गेलीस बाई! सांगून टाक एकदाचं शाळेत."

"सांगून काय करू? घरी बसू तुझी पाटी वाचत?" बाई म्हणाल्या.

आक्काने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "अक्षर चांगलं आहे माझं."

बाई हसल्या. पण जगात ज्यांचं बोलणं अजून आपल्याला कळतं, अशी तोंडं फक्त त्या वर्गात होती. वर्ग गेला की उरणार ती पाटी.

जिथे ओठ दिसत नसत, तिथे बाई मान हलवून वेळ मारून नेत. "हो का? बरं बरं, होईल." बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. पण महिन्यापूर्वी शेवटच्या बाकावरची एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलाशी आली. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. तिने मान खाली घालून, बाईंच्या वहीकडे बघत काहीतरी बराच वेळ सांगितलं. बाईंना दिसला फक्त तिचा भांग. "बरं बरं, बघू आपण," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. मुलीने वर पाहिलं, तेव्हा तिचे डोळे ओले होते. त्या दिवसापासून ती बाईंकडे बघेनाशी झाली. आपण कोणत्या गोष्टीला हो म्हणालो? घरी कोणी मारत असेल का तिला? या विचाराने बाई रोज सकाळी दचकून जाग्या होत. पण पुन्हा विचारायचं म्हणजे तेव्हा ऐकलं नव्हतं हे कबूल करायचं.

अशातच मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली: गुरुवारी तपासनीस येणार, तुमच्या तासाला बसणार. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी अर्थातच जेरंडचा धडा काढला.

गुरुवारी सव्वाअकराला तपासनीस आले आणि बाईंनी आधी त्यांचं तोंड पाहिलं. झुबकेदार मिशा! वरचा ओठ नाहीच, खालचाही अर्धा गडप. साहेब थेट शेवटच्या बाकावर, गोगलगाईच्या शेजारी जाऊन बसले. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

खेळ सुरू झाला. होप, डिनाय, डिसाइड, फिनिश. चंबू, ताण, चंबू, ताण. वर्ग नुसता उसळत होता. बाईंचा आवाज ठाम होता. समोरच्या वर्गात दप्तरं हलायला पाचच मिनिटं असतील.

तेवढ्यात साहेब शेजारच्या वहीत डोकावले. मग त्यांनी फळ्याकडे बोट करून गोगलगाईला काही विचारलं. ती उभी राहिली. वर्गाने माना मागे वळवल्या आणि बाईंसमोरची चाळीस तोंडं एकदम नाहीशी झाली. उरल्या नुसत्या वेण्या आणि मानगुटी. लांब कुठेतरी एक मिशी हलत होती. ती बराच वेळ हलली, मग थांबली. सगळी तोंडं पुन्हा बाईंकडे वळली, पण आता ती मिटलेली होती. सगळे वाट पाहत होते.

साहेबांनी बाईंना काहीतरी विचारलं होतं.

मान हलवावी? सहा वर्षं तिनेच तारलं होतं. 'होय साहेब' म्हणावं, हसावं, एवढ्यात तास संपेल. मान हलणारच होती. पण साहेबांचा हात गोगलगाईच्या खांद्यावर होता आणि तिचे डोळे पुन्हा ओले झाले होते. म्हणजे प्रश्न तिच्याबद्दलच होता. एकदा न ऐकता हो म्हणून झालं होतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "मला ऐकू येत नाही. काय विचारलंत ते फळ्यावर लिहाल का?"

दारातल्या मोठ्या बाईंचा हात तोंडावर गेला. साहेब सावकाश पुढे आले. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं: 'हिला फळा दिसत नाही. शेजारणीचं बघून उतरवते. तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलं म्हणते. मग अजून मागे का?'

बाईंनी ते दोनदा वाचलं. एवढंच होतं! आणि एवढ्यासाठी ती पोर महिनाभर अंधारात बसली होती.

"तिने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी न ऐकताच मान हलवली. चूक माझी आहे, तिची नाही."

साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. बाईंना ते उलटं वाचता आलं नाही.

त्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी एक कागद पाठवला: महिनाअखेरीस कानांची सरकारी तपासणी, निर्णय त्यानंतर, तोवर तास चालू. बाईंनी तो आक्काला दाखवला. आक्काने तो वाचला, नीट घडी घातली आणि बाईंच्या पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय पहिल्या बाकावर होती. कागद असलेली पर्स बाईंनी खणात ठेवली आणि खडू घेतला. त्यांनी फळ्यावर नेहमीपेक्षा दुप्पट मोठं अक्षर काढलं. मागे वळल्या, तर मुलगी मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होती.

बाईंची मान सवयीने हलायला लागली. त्यांनी ती थांबवली.

"वर बघ," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ, आणि पुन्हा सांग."